वडिलांची क्रूझर

नात मोबाइलवर वाचत होती, आणि माझ्या मांडीवरची मेथी तशीच राहिली. माझे वडील ज्या इंग्रजी लढाऊ जहाजावर, क्रूझरवर, बॉयलरपाशी राबायचे, तिची अख्खी कुंडलीच मिळाली की हो! पाण्यात कधी उतरली, कुठं लढली, भंगारात कधी गेली. लोखंडाची केवढी आठवण ठेवतात माणसं! वडील मात्र परतलेच नाहीत. पत्र नाही, तार नाही. म्हणून आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं.

"आजी, पुढं बॉयलरचा स्फोट आहे. गेलेल्यांची नावंही आहेत. वाचू?"

मी वर पाहिलं. भिंतीवरच्या फोटोत आईचं कुंकू चांगलं रुपयाएवढं.

"थांब बाई," मी म्हटलं, "तिच्यासमोर नको. चल, बाहेर ओट्यावर जाऊन वाच."