सावंतांनी बांगडा मागणं सोडलं

त्या गुरुवारी सावंतांनी बांगड्याचं विचारलंच नाही. बॅगा घेतल्या, मान हलवली आणि पाय घासत निघाले.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी फार्मासिस्ट आहे. ज्यांना तोंडाने खाता येत नाही, त्यांच्यासाठी शिरेतून द्यायच्या अन्नाच्या बॅगा बनवते. भांडुपच्या सावंतांचं बरंचसं आतडं काढलेलं. उरलेलं सावरेपर्यंत जेवण बंद. दर आठवड्याला खिडकीशी त्यांचा एकच प्रश्न, "मॅडम, बांगडो कधी गावतलो?" मी म्हणायची, डॉक्टरांना विचारा. ते म्हणायचे, "डॉक्टर शाकाहारी आसत."

"आज गप्प का हे?" मागे थांबलेल्या त्यांच्या बायकोला मी विचारलं.

"बरंच झालं ना. त्यांना वास नको म्हणून मी घरात मासेच आणत नाही. आता मन मारलं त्यांनी."

मला पटेना. मन मारलेला माणूस निदान चिडचिडतो. यांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला होता.

बॅगेत रोज ट्रेस एलिमेंट्सची एक ॲम्पूल जाते. झिंक, कॉपर, सेलेनियम, मँगनीज. शरीराला किंचितच लागणारी द्रव्यं. मँगनीज जेवणातून आलं तर आतडं त्यातलं थोडंच घेतं आणि जास्तीचं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. शिरेतून दिलं की आतड्याची चाळणी लागतच नाही. मी सावंतांचा रिपोर्ट काढून बघितला, तर लिव्हर मंदावलेलं. मग मँगनीज मेंदूत साठतं. चाल जड होते, चेहरा थिजतो, कशातच गोडी वाटत नाही.

मी डॉक्टरांना फोन केला.

"अगं, ॲम्पूल स्टँडर्ड आहे."

"ॲम्पूल आहे, सर. लिव्हर नाही."

"आणि बांगडा मागत नाही, हे काय लक्षण झालं?"

"मालवणी माणसाचं आहे, सर."

रक्ताची तपासणी झाली, एमआरआय झाला. मँगनीजच होतं. ती ॲम्पूल बंद केली. झिंक, सेलेनियम आणि बेताचं कॉपर वेगळं देऊ लागलो.

महिने गेले. दर गुरुवारी मी त्या प्रश्नाची वाट बघायची. ते यायचे, बॅगा घ्यायचे, जायचे. इतकी ओढ मला कधी स्वतःच्या जेवणाचीही लागली नसेल.

मग एकदा आत कुणीतरी डबा उघडला. सावंत थबकले. नाक वर केलं.

"मॅडम, बांगडो कधी गावतलो?"

त्यांची बायको बॅगा छातीशी धरून रडायलाच लागली. मी कसंबसं म्हटलं, "डॉक्टरांना विचारा."

चाल अजून थोडी जड आहे. बांगडा अजून मिळालेला नाही. बॅग देण्याआधी मी आता लिव्हरचा रिपोर्ट बघते, आणि प्रत्येकाला विचारते, काय खावंसं वाटतंय.