बाईंचा बिनशेपटीचा बैल

आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंत शोधलं तरी आमच्या अंगणवाडीच्या बाईंइतकं वाईट चित्र काढणारं माणूस सापडायचं नाही, आणि पोरांकडून त्यांच्याइतकी चित्रं काढून घेणारंही. त्यांची गाय भोपळ्यासारखी दिसे. भोपळा मात्र कशासारखाच दिसत नसे. पळसाची फुलं उकळून केलेला केशरी रंग, चुलीतला कोळसा आणि बांधावरची माती, एवढ्या भांडवलावर त्या पंधरा-वीस चिल्लीपिल्ली दुपारपर्यंत गुंतवून ठेवत. पोरांचे गाल, कान, खिचडीची ताटं, सगळं केशरी. एकदा तपासणीच्या मॅडमनी भिंतीवरच्या रेघोट्या पाहून विचारलं, "हे काय आहे?" बाई म्हणाल्या, "मले काऊन विचारता? ज्यानं काढलं त्याले विचारा." मॅडम त्या तीन वर्षांच्या कलाकारापुढे उकिडव्या बसल्या आणि साडीवर दोन केशरी पंजे घेऊन उठल्या.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी घराबाहेर शब्द काढत नव्हती. गाव तिला मुकी म्हणू लागलं आणि आम्ही नवराबायको धास्तावलो. मी दटावून पाहिलं, खाऊचं आमिष दाखवलं. बाई मलाच रागावल्या, "भाऊ, तिच्या मागं लागू नका. हात चालून राह्यले ना तिचे? तोंडही चालंल." तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडे पोरांचा पोळा, लाकडी बैल घेऊन मिरवायचा. ज्यांच्या घरी लाकडी नाही त्यांच्यासाठी बाई आदल्या दिवशी सगळ्यांना मातीचे बैल करायला बसवत. त्या वर्षी त्या दिवशी मी मुलीला आणायला दारात उभा होतो. बाईंनी आपला बैल उंच धरून जाहीर केलं, "झाला माया बैल." कोपऱ्यातून माझी मुलगी उठली, जवळ गेली आणि म्हणाली, "बाई, शेपूट नाई." बाईंनी जराही नवल केलं नाही. "मंग लाव ना," म्हणाल्या. मी दारातच रडलो.

आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "मी काई केलं नाई भाऊ. शेपूट खरंच इसरली व्हती." तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला त्या एक ओला बैल आणून देतात आणि दर वर्षी शेपूट विसरतात. आता त्या निवृत्त झाल्यात, गुडघे धरून पायऱ्या चढतात. यंदा आल्या तेव्हा मुलगी नर्सिंग शिकायला नागपूरला गेलेली. "राहू द्या मंग तसाच," म्हणाल्या, आणि बैल व शेपटीपुरता ओल्या मातीचा एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून गेल्या.

मुलगी दिवाळीला येणार आहे. तोवर मी रोज सकाळी त्या फडक्यावर पाणी शिंपडतो.