उभे सरांची सही

उभे सरांचं आडनाव उभे नव्हतं. सर कधी बसायचे नाहीत, म्हणून ते उभे सर. वर्गातली खुर्ची त्यांनी आमच्या छत्र्या आणि टोप्या ठेवायला देऊन टाकली होती. नवीन आलेल्या एका मुलाला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्याने भाबडेपणाने विचारलं, "सर, आपण मुळशीकडचे उभे का?" सर म्हणाले, "नाही रे बाबा, मी नुसताच उभा आहे." आणि फळ्याकडे वळून पुढचं लिहायला लागले.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट. विद्यापीठाने आमच्या पुण्याच्या कॉमर्स कॉलेजात कारखान्याच्या व्यवस्थापनाचा वर्ग नुकताच काढला होता. तोही 'चालला तर चालला, नाहीतर बंद' अशा बोलीवर. वर्गात अकरा मुलगे आणि मी. "कारखान्यात जाऊन काय हळदीकुंकू करणार आहेस का?" असं माझी आत्या विचारायची. मी तिला उलट उत्तर द्यायचे, आई मला रागवायची, आणि दुसऱ्या दिवशी मी परत कॉलेजात हजर. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. ती एकदाच गप्प बसली, आणि तेच सांगायला आज बसले आहे.

सरांचे दोन नियम होते. पहिला असा, की कारखान्यात पाहणीला गेलं की बसायचं नाही. "ज्याचं काम मोजायचं तो उभा, आणि तुम्ही मोजणारे बसलेले? शोभतं का?" दुसरा नियम आम्हा कोणालाच पटायचा नाही. अहवालावर विद्यार्थ्याचं नाव घालायचं नाही, खाली सही फक्त सरांची. "बरं झालं तर तुमच्या गुणपत्रिकेत दिसेल, वाईट झालं तर माझ्याकडे या," असं ते म्हणत. आम्ही मागे म्हणायचो, राबायचं आम्ही आणि नाव यांचं! सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचे.

चिंचवडला तेव्हा आजच्यासारखी कारखान्यांची गर्दी नव्हती. स्टेशनवरून उतरून बाभळींमधून चालत जायचं, मध्येच ज्वारीची शेतं, आणि मग एकदम पत्र्याच्या लांबलचक शेड. आम्ही जायचो तो कारखाना पाण्याच्या पंपाचे भाग करायचा. मला ड्रिल मशीन नेमून दिलं. त्यावर मोशी गावचा केरबा काम करायचा. चाळिशीचा माणूस, डोक्याला मुंडासं, घरची शेती भावावर टाकून सायकलने कामाला येणारा. लोखंडी पट्टीला चार भोकं पाडायची, पट्टी बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची. मी सरांचं घड्याळ हातात धरून सकाळी आठपासून त्याच्यासमोर उभी. उकाडा मरणाचा, तेलाचा वास, आणि पायात नव्या चपला. अकरा वाजता पाय पेटले होते, पण बसेन तर नावाची नाही! केरबाचा हात मात्र झरझर चालला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच्या पट्ट्या मोजून मी हिशोब मांडला. पाळीला ऐंशी पट्ट्या सहज होतील. तिथे तर पंचावन्नच व्हायच्या.

अहवाल गेला, मॅनेजरसाहेब खूश झाले. सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला होताच. आठ दिवसांत कारखान्याचं पत्र घरी आलं. परीक्षा झाली की कामगार खात्यात मदतनीस म्हणून रुजू व्हा! आत्याने ते पत्र तीनदा वाचायला लावलं आणि गुपचूप देवापुढे ठेवलं. ते मी उचललं आणि पर्समध्येच घेऊन हिंडायला लागले.

सरांची एक खोड होती. मोजणी झाली की महिन्याभराने ते पुन्हा तिथे जायचेच. "सून नांदते की नाही ते बघायला नको?" या खेपेला मी एकटीच त्यांच्याबरोबर गेले. शेडच्या दारावर नोटीस होती. ड्रिलवरच्या सहाही माणसांनी शनिवारपर्यंत ऐंशीचा आकडा गाठायचा, नाही गाठला त्याने सोमवारी येऊ नये. तो दिवस गुरुवार होता. सहाच्या सहा माणसं मान मोडून कामाला जुंपलेली, कोणी वर बघेना. केरबाच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. आमच्यासमोरच त्याची एक पट्टी निसटून पायाशी पडली.

मी वैतागून म्हटलं, "अहो, त्या दिवशी तर झरझर करत होतात! आता काय झालं?"

केरबा ओशाळला. "ताई, त्या दिवशी तुमी उभ्या व्हता न्हवं. लेकीबाळीचं पाय सकाळधरनं दुखत्यात, ती खाली बसंना. म्हनलं, लवकर हातावेगळं करावं, म्हंजी सुटल बिचारी. दिसभर तसा हात चालतोय व्हय? दुपारनंतर माजं मलाच उचलंना."

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगायचं? पावन्याला कोन बोलतंय का, की तुमच्यापायी घाई केली म्हनून?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझ्या घड्याळाचा काटा बरोबर होता, पण मी मोजलं होतं ते केरबाचं काम नव्हतंच, त्याची माणुसकी होती. ती पाहुण्यासाठी अर्धा दिवस पुरते. सर एवढंच पुटपुटले, "उभं राहायला मीच सांगितलं होतं." आणि तडक मॅनेजरच्या खोलीकडे निघाले.

पाच मिनिटांत मॅनेजरसाहेबच तावातावाने शेडमध्ये आले, मागून सर. "सर, तुमचा अहवाल आम्ही मुंबईच्या मालकांना पाठवलाय. आता म्हणता चुकला? मोजलं कोणी होतं? त्याला मी या फाटकातून परत आत घेणार नाही."

मशीनं चालू होती आणि मी मनात स्वतःला सांगत होते: बोल, बोल, बोलून टाक. पत्र असलेली पर्स मी दोन्ही हातांनी धरली होती. केरबाने माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली.

"मोजणी मीच केली," सर म्हणाले. "सही माझीच आहे ना?"

"काय रे केरबा?"

केरबाने हातातली पट्टी खाली ठेवली. "व्हय सायेब. ह्या मास्तरांनीच केली."

"आणि तुम्ही पोरांना शिकवता! साधं घड्याळ बघता येत नाही?"

सरांना एका वाक्यात खुलासा करता आला असता. पण तो खुलासा माझ्यावर येऊन थांबला असता. ते म्हणाले, "चुकलो. पुन्हा मोजा. घड्याळ तुमच्या फोरमनच्या हातात द्या, जेवणानंतर भोंग्यापर्यंत. पण नोटिशीचं काय करायचं ते तो आकडा बघून ठरवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बाहेर बाकावर जाऊन बस."

मी निघाले तेव्हा शेजारच्या मशीनवरचा माणूस कुजबुजला, "केरबा, हळू घे, राव. सहा घरं हायेत." केरबा म्हणाला, "गप. खोटं काम व्हायचं न्हाई माज्याच्यानं." मला त्याचा रागच आला. एवढं कशाला खरं वागायचं? मी बाहेर लिंबाखाली बसून भोंग्याची वाट बघत राहिले. चार तास असे गेले की शत्रूवरही येऊ नयेत.

एकोणतीस झाल्या. म्हणजे पाळीला अठ्ठावन्न. मॅनेजरने नोटीस फाडली आणि नवा आकडा साठ लावला. सोमवारी सहाही माणसं कामावर होती. पण मंगळवारी कॉलेजला पत्र आलं, की असल्या प्राध्यापकाच्या वर्गाला आमचे दरवाजे बंद. कारखानाच नाही तर वर्ग कसला? त्या वर्षाअखेर विद्यापीठाने तो गुंडाळला. सरांना पहिल्या वर्षाला जमाखर्च शिकवायला बसवलं. त्यांच्यासारख्या माणसाला! निवृत्त होईपर्यंत ते तेच शिकवत होते. माझं पत्र मात्र कोणी मागे घेतलं नाही. परीक्षा झाली आणि मी रुजू झाले.

केरबा मला रोज फाटकाशी "बरं हाय का, ताई?" विचारायचा. पुढे मला खुर्ची मिळाली, मग मोठी खुर्ची, मग पुण्या-मुंबईत भाषणं. केरबाने त्या गुरुवारचा शब्दही कधी काढला नाही. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

बऱ्याच वर्षांनी सर आजारी आहेत असं कळलं, म्हणून गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. "सर, त्या दिवशी मी..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. "साठ नीट निघतायत ना त्यांना? की अजून ओढाताण होते?" मी म्हटलं, निघतायत. "मग झालं," म्हणाले, आणि बायकोला म्हणाले, "हिला चहा दे, ही कारखान्यात मोठी साहेब आहे." मी चहा प्यायले आणि घरी आले. पंधरा दिवसांनी सर गेले.

विद्यापीठाने तो वर्ग पुढे नव्याने काढला. आता तिथे मोठी इमारत आहे. एका भिंतीवर नामवंत विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, दुसरीवर प्राध्यापकांचे. विद्यार्थ्यांत माझा पहिला. प्राध्यापकांत सर नाहीत. विचारलं तर तिथले लोक म्हणाले, बाई, त्यांच्या काळात वर्ग बंद पडला अशी नोंद आहे.

वर्ग त्यांच्यामुळे बंद पडला नाही, माझ्यामुळे पडला. मोजणी मी केली होती, आणि विचारलं तेव्हा गप्प मी बसले. हे मी विद्यापीठाला लेखी कळवलं आहे. माझा फोटो उतरवा असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. दोनदा लिहिलं होतं, दोन्ही वेळा मीच खोडलं.