नापास न होणारे काका

माझ्या धाकट्या काकांइतका हुशार मधुमेही साऱ्या हैदराबादेत झाला नाही आणि जगात साखर आहे तोवर होणारही नाही. अंबरपेठेतल्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे रक्ततपासणी ही त्यांच्या लेखी सरळसरळ परीक्षाच. तारीख जवळ आली की चार दिवस आधी अभ्यास सुरू. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, पहाटे बेगम बाजारापर्यंत पायी जाऊन परत. पाचव्या दिवशी सुईपुढे हात धरायचे तो अशा थाटात, की जणू कुणी सत्कार करतंय. रक्त दिलं की थेट इराण्याच्या हॉटेलात. चहात दोन चमचे साखर जास्त, वर उस्मानिया बिस्किटांची बशी. "पेपर झाल्यावर पुस्तक कोण उघडतं रे?" रिपोर्ट गुणपत्रिकेसारखा दिवाणखान्यात टांगलेला. ते दिवसही असे, की गल्लीच्या तोंडाशी रोज नवं शीतपेय नि नवं चॉकलेट यायचं. काकू रागावली की काका शांतपणे म्हणत, "सरकारनं देशाची दारं उघडली, अन् मी तोंड बंद करू?" डॉक्टर सज्जन तेलुगू गृहस्थ. रिपोर्ट बघून खूश होत आणि बिचारे गोळ्या कमी करत.

एका संध्याकाळी काकूला फरशीवर रक्ताची पावलं दिसली, स्वयंपाकघरापासून झोपाळ्यापर्यंत. काकांच्या चपलेतला खिळा वर आला होता. दिवसभर तो अंगठ्यात रुतत होता, पण साखरेनं पाय बधिर झालेले, काकांना पत्ताच नव्हता. जखम चिघळली, अंगठा काळा पडला. डॉक्टर चक्रावले. इतके सुरेख रिपोर्ट, मग हे कसं? त्यांनी शहरात नव्यानंच आलेली एक तपासणी लिहून दिली.

"चार दिवसांनी देतो रक्त," काका घाईनं म्हणाले.

"मास्टरसाब, चार दिन में कुछ नहीं बदलता. इसमें तीन महीने का खाया दिखता."

काकांनी आपल्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मास्तरलाच कॉपी करताना पकडलं."

"अंगूठा तो गया," डॉक्टर म्हणाले. "पाँव बचाना, आप भी बचना, तो अब सच बोलना. और रोज़ कोई आपके पाँव देखना."

पाय वाचला आणि काका पुढे पुष्कळ वर्षं जगले. गोळ्या, पथ्य, चालणं, आता सगळं खरंखुरं. पण मला विचाराल तर त्यांना जगवलं काकूनं. रोज तिन्हीसांजेला त्यांचे पाय मांडीवर घेऊन ती एकेका बोटाच्या बेचक्यात बघायची. वर्गाला धाक घालणारे मास्तर तेवढा वेळ नव्या नवरीसारखे लाजत.

आता काका नाहीत. गेल्या महिन्यात माझीही साखर निघाली, घराण्याचीच ती. काकूला सांगायला गेलो, तर तिनं आधी चष्मा शोधला.

"बैस इथं. पाय दे."

"काकू, तुला पाय लावू? मोठी आहेस तू."

"नक्को रे शहाणपणा. दे म्हणते ना."

दिला. तिनं तळवा पाहिला, टाच पाहिली, पाचही बोटं पाहिली. सगळं ठीक होतं. तरी तिनं पाय लवकर सोडला नाही, आणि मीही मागितला नाही.