खळ न लावलेली लोकर

भागूबाईच्या हातांनी बारा वर्षं कोयता धरला. उसाच्या पात्यानं दंड चिरले, बोटं सोलली, पण हातांनी कधी कुरकुर केली नाही. ते हात हरले ते एका पातळ, गुलाबी, वासाच्या कागदापुढं.

घोडेगावहून शिंगणापूरला जाताना डाव्या अंगाला जयाची लॉन्ड्री लागते. दर्शनाला येणाऱ्यांच्या लॉजवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथं येतात. तीन वॉशिंग मशीन आणि एक भला मोठा ड्रायर. कपडे वाळताना ड्रायरमध्ये तो कागद टाकायचा, म्हणजे कपडे मऊ येतात, घमघमतात आणि एकमेकांना चिकटून चटचट वाजत नाहीत. भागूबाई तिथं कामाला लागल्यावर वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग भागूबाईच्या तळव्यांना खाज सुटली, पुरळ आलं, कातडी भेगाळली. रात्री ती हात खोबरेल तेलात बुडवून बसायची.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "वासाचं जे काही असेल ते बंद. नाहीतर काम बंद."

काम बंद म्हणजे काय, ते भागूबाईला सांगायला नको होतं. दसरा, म्हणजे ऊसतोडीला निघायची वेळ, तोंडावर आला होता. अंगद मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते. त्याच्या ऊसतोड टोळीत नवरा-बायकोची एक जोडी कमी पडत होती. काम सुटलं की लॉन्ड्रीमागची पत्र्याची खोलीही सुटणार, आणि ती आणि नवरा कल्याण पुन्हा ट्रॅक्टरवर संसार लादून निघणार. उसाच्या फडातली झोपडीवजा कोपी, पहाटेची थंडी, पाचटाची धग. कल्याणच्या कमरेला ते आता झेपणार नव्हतं. हे तो बोलत नव्हता, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवायचा.

ही नोकरीही तिला उसाच्या फडातच मिळाली होती. जया देवळाली प्रवऱ्याची लेक. तिच्या माहेरच्या उसात टोळी उतरलेली असताना तिनं पाटाच्या पाण्यावर भागूबाईला धुणं धुताना पाहिलं होतं. लॉन्ड्री काढली तेव्हा तिनं शोधत शोधत फोन केला. "मावशी, फडातले कपडे तुम्ही एवढे पांढरे काढत होता, मशीन हाताशी असल्यावर काय कराल!" तो फोन भागूबाई जन्मात विसरणार नव्हती.

म्हणूनच हाताचं कळल्यावर आधी तिला लाज वाटली. जया म्हणाली, "तुम्ही इस्त्रीवर बसा."

"इस्त्रीला बी तीच कापडं, ताई. वास त्येच्यातच मुरलेला असतोय."

जयानं मोबाईल काढला, काय काय शोधलं आणि एक व्हिडिओ समोर धरला. कुठल्याशा परदेशातली बाई ड्रायरमध्ये पांढरे गोळे टाकत होती. "लोकरीचे चेंडू आहेत म्हणे. कागदाऐवजी हे टाकतात. कपडे सुटे राहतात, लवकर वाळतात."

भागूबाईनं डोळे बारीक केले. "लोकर म्हंजी? मेंढीची?"

"मेंढीचीच."

"अन् ती इकत घेत्यात?" भागूबाईला हसू आवरेना. "आमच्या आयेच्या दारात पोती पडल्यात, कुत्रं झोपतंय त्याच्यावर."

माहेर पारनेरच्या वरच्या अंगाला. बाप मेंढरं राखायचा, आता भाऊ राखतो. आई राहीबाई सत्तरीच्या पुढची, पण लोकर अजून हातानं पिंजते. लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही तरी पिंजते. कुठलीही लोकर आली की ती चिमूट अंगठ्याखाली घोळवायची आणि डोळे मिटून तिची जात सांगायची. भागूबाईनं माहेरी जाऊन चेंडूचं सांगितलं, तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "कापडात चेंडू? कुनी खेळायचं त्येनं?" मग उठली आणि पोत्यातून पांढरी तेवढी निवडायला बसली.

मायलेकींनी दोन दिवस काम केलं. रिठ्याच्या पाण्यात लोकर धुतली, खडकावर वाळवली, पिंजली, मोसंबीएवढे बारा गोळे वळले आणि वरून लोकरीचंच सूत घट्ट गुंडाळलं. राहीबाईनं एक गोळा दाबून पाहिला आणि मान हलवली.

"उसवंल. खळ लाव."

घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, तिनं ती ताठ होते, पाऊस झेलते. जन्मभर पाहिलेलं. भागूबाईलाही वावगं वाटलं नाही. चिंचोके शिजवून घोटले, गोळ्यांना चोपडले. उन्हात वाळून ते असे टणक झाले, की एक हातातून पडला तर टप्पा घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला.

त्या वर्षी पितृपक्षातली अमावस्या शनिवारी आली होती. शनी अमावस्येला शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते, आणि लॉजवाल्यांना टॉवेल पुरत नाहीत. शुक्रवारी दुपारी भागूबाईनं साठ टॉवेल ड्रायरमध्ये घातले, वर बारा चेंडू टाकले. आत धडधड धडधड सुरू झाली. थोड्या वेळानं चिंच शिजल्यासारखा वास आला.

दार उघडून जयानं पहिला टॉवेल उचलला. तो वाकेना.

"मावशी, टॉवेल आहे का पापड?"

साठच्या साठ टॉवेलांवर पिवळट ओघळ वाळले होते. ओल्या कापडानं आणि उष्णतेनं खळ सुटून सगळीकडं माखली होती. पाच वाजता लॉजवर टेम्पो पाठवायचा होता. कल्याण बाहेर गठ्ठे बांधत होता, तो दारात येऊन थबकला.

जयानं फळीवरून वासाच्या कागदांचं पाकीट काढलं. भागूबाईला नको म्हणावंसं वाटलं. कोणत्या तोंडानं बोलणार? तिनं फक्त हात पदराखाली घेतले.

जयानं ते पाहिलं. पाकीट तिनं परत फळीवर ठेवलं. "किती वेळ लागेल?"

"दोन-अडीच तास. टावेल पुन्हा धुवायचे. अन् चेंडू बी."

"चेंडू धुतले तर उसवणार नाहीत?"

"आये म्हणती उसवंल. पर लोकर गरम पान्यानं आवळती, ताई. आमच्या ह्यांचा सेटर एकदा कढत पान्यात धुतला, तर आमच्या बोकडाला बसला."

दारातून कल्याण म्हणाला, "अजून सांगती ते!"

जया हसली आणि लॉजवर फोन लावला. "टेम्पो सातला पाठवते. हो, माझीच चूक झाली."

माझीच. भागूबाईनं ते ऐकलं आणि पुढं कितीतरी दिवस तो शब्द जपून ठेवला.

आवळेपर्यंत उसवू नयेत म्हणून जुन्या लेगिंग्जचे पाय कापून तिनं एकेक चेंडू त्यात घालून गाठ मारली. एका मशीनमध्ये साठ टॉवेल, दुसऱ्यात कढत पाणी, रिठे आणि चेंडू. तीनदा पाणी बदललं तेव्हा चिंचेचा वास गेला. गाठी सोडल्या तर मोसंबीचं लिंबू झालेलं. सूत कुठलं आणि आतली लोकर कुठली, ओळखू येईना. उसवायला काही उरलंच नव्हतं.

टॉवेल मऊ निघाले. चादरी मात्र थोड्या चटचटल्या. भागूबाईनं पुढचा घाणा पाच मिनिटं आधीच काढला, जरासा दमट. चटचट थांबली, आणि इस्त्रीलाही ते बरंच पडलं.

दुसऱ्या आठवड्यात लॉजच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, हल्ली वास येत नाही टॉवेलला."

"स्वच्छ कपड्याला वास नसतोच, साहेब," जया म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगद मुकादमाचा तिसरा फोन आला. "वैनी, धरू का जोडी?"

"नका धरू. हात बरे व्हाय लागल्यात."

"मंग तर कोयता धरायला काय हरकत न्हाई की!"

"बरे व्हाय लागल्यात म्हनूनच न्हाई, मुकादम."

कल्याण शेजारीच बसला होता. त्या दिवशी तो गुडघ्यावर हात न ठेवता उठला. आता हे खरंच घडलं की भागूबाईला तसं दिसलं, कोण जाणे.

भाऊबीजेला ती माहेरी गेली. जयाला थँक्यू म्हणणं सोपं होतं, लॉन्ड्रीत सगळेच म्हणायचे. आईला तसं कसं म्हणायचं? तिनं वापरात झिजलेला एक चेंडू बरोबर नेला होता. तो आईच्या मांडीवर ठेवला आणि खळीचा सगळा पराक्रम सांगितला. साठ टॉवेल उभे राहिले म्हटल्यावर भावजय हसून लोळली.

राहीबाई हसली नाही. "खळ कच्ची ऱ्हायली असंल तुजी," ती म्हणाली. "नीट शिजीवली असती तर सुटली नसती."

"व्हय आये, कच्चीच ऱ्हायली," भागूबाई म्हणाली.

म्हातारीनं चेंडू अंगठ्याखाली घोळवला आणि बाजूला ठेवला. मग लेकीचा हात ओढून मांडीवर घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवला, भेगा होत्या तिथं थांबली, पुन्हा फिरवला. डोळे मिटलेले.

"पांढरी येगळी काढून ठिवते," ती म्हणाली. "कातरनी झाली की येऊन घिऊन जा."