बोरं वेचायला पोरं पाहिजेत

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत आणि सगळ्यात लहान रहिवासी बावन्न वर्षांचा आहे. त्याला मधुमेह आहे, कमरेला पट्टा आहे. तरीही गणपतीची मूर्ती वर चढवायची असो की कोणाचा सिलिंडर सरकवायचा असो, "तरुण मुलांना बोलवा" म्हणून त्या एकट्यालाच हाक जाते. तोही बिचारा येतो.

डोंबिवली पूर्वेला ही इमारत उभी राहिली तेव्हा आम्ही बहुतेक सगळे नव्याने लग्न झालेले. एकाच वर्षी राहायला आलो, पाठोपाठ बाळंतपणं झाली, पोरं एकाच शाळेत गेली, एकाच सुमाराला उडाली आणि आता सगळ्यांचे गुडघेही एकदमच गेलेत. बिल्डरने लिफ्ट दिली नाही, आम्हीही मागितली नाही. आपण म्हातारे होऊ हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना आमच्या. सोसायटीच्या ग्रुपवर आता सुप्रभातच्या फुलांखाली बीपीच्या गोळ्यांची चर्चा चालते.

माझा मुलगा आणि सून ठाण्यात बाळकुमला राहतात, एकविसाव्या मजल्यावर. तिथे सगळं उलटं. लिफ्टमध्ये शिरलं की कमरेखाली नुसती पोरंच पोरं, आणि साठीच्या वरची मी एकटी. दोन दिवस राहिले की माझी जीभ गंजते. म्हणून "तुम्हीच इकडे या ना" या प्रस्तावाला मी कधी भीक घातली नाही.

पण नात दीड वर्षाची झाली आणि सुनेला ऑफिसने परत बोलावलं. आता प्रश्न आला, नातीला ठेवायचं कुठे? त्यांच्या सोसायटीतल्या पाळणाघरात, की सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे? मला ती हवी होती. स्पष्टच सांगते, हावरटासारखी हवी होती. नवरा गेल्यापासून घरात माझ्याशिवाय आवाज होतो तो कुकरचा, आणि तोही आता दिवसाआड.

सून गोड बोलते आणि नेमकं बोलते. म्हणाली, "आई, तुमच्यावर भरवसा आहे हो. पण तिच्या बरोबरीचं तिकडे आहे कोण?"

हे माझ्या वर्मी लागलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की बोरन्हाण माझ्याकडे, डोंबिवलीत. संक्रांत झाली की लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हल्लीच्या रीतीने चॉकलेटं ओतायची. जमलेली पोरं तुटून पडतात आणि वेचतात. माझा बेत साधा होता: सुनेला घर पोरांनी भरलेलं दिसलं पाहिजे.

आता पोरं आणायची कुठून? आमच्या इमारतीत शून्य. शेजारच्या इमारतीत एक, ती दहावीला, तिच्या आईने दार जेमतेम साखळीएवढं उघडलं. शेवटी मी मागच्या बंगल्यात गेले. तो मूळच्या गावकऱ्यांचा. आमची इमारत उभी आहे ते एके काळी त्यांचं भाताचं शेत. तिथली आजी माझ्याच वयाची, पण चार मुलगे, चार सुना, नातवंडं सगळं एका छताखाली. आमच्याकडे माणसं निवृत्त होत होती तेव्हा त्यांच्याकडे बारशी होत होती.

"किती पायजेत गो तुला?" तिने बाजारात विचारावं तसं विचारलं. "धा हान आमचे घरा. सगली ने. मना पन जरा पाठ टेकाला मिलंल."

मी रविवार संध्याकाळ पाचची वेळ दिली आणि तरंगत घरी आले. त्या दिवशी त्यांच्या भावकीत कोणाची हळद आहे का, एवढं विचारायला मात्र विसरले. लग्नसराईत या गावांमध्ये हळद नसेल असं धरून चालणं हा आम्हा ब्लॉकवाल्यांचाच अडाणीपणा. एवढी वर्षं मागच्या खिडकीतून त्यांचा डीजे ऐकून नुसती नाकं मुरडली, त्यामागे काही वेळापत्रक असतं हे कधी शिकलो नाही.

रविवारी सव्वापाच झाले, पोरांचा पत्ता नाही. फोन लावला तर पलीकडे धडाधड वाजत होतं. "अगो, आज भाच्याची हलद! पोरा सकालपासना नाचतान. तू पन ये!"

घरात इमारतीतली पंधरा माणसं नटूनथटून बसली होती. मुलाला मी वड्या आणायला पिटाळलं होतं. नात पाटावर, डोक्यावर हलव्याचा मुकुट, तोंडात हलव्याची बांगडी. आता थांबवणार कोणाला? मी माप उचललं आणि ओतलं.

बोरं घरंगळत सोफ्याखाली गेली. चॉकलेटं पसरली. कोणीच हललं नाही. नात इकडून तिकडे बघत राहिली आणि सून माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराजवळच्या खुर्चीत समोरच्या ब्लॉकमधल्या बाई होत्या. चौऱ्याऐंशीच्या, निवृत्त शिक्षिका, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, म्हणून वॉकर घेऊन. त्या वर्गावर ओरडावं तशा ओरडल्या, "अरे, बघत काय बसलात? वेचा!"

आणि माझी ती माणसं वेचायला लागली! कोणी सोफ्याला धरून, कोणी एकमेकांच्या खांद्यावर भार टाकून खाली उतरलं. दोन निवृत्त साहेबांची एका चॉकलेटवरून हातघाई झाली. "मी आधी पाहिलं!" "तुम्हाला शुगर आहे, ठेवा ते!" बावन्न वर्षांचा तरुण वर्ग टीपॉयखालचं बोर काढायला वाकला आणि पाठीत उसण भरून तिथेच राहिला. मीही चार पायांवर होते. नात टाळ्या पिटत खिदळत होती. सुनेच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं, ते पुसत ती चहा आणायला आत गेली.

तेवढ्यात नात पाटावरून उठली आणि मुठीत चॉकलेट घेऊन दाराकडे निघाली. दार उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग, आणि त्याच्यापुढे जिना.

मी पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. पंधरा माणसं जमिनीवर होतो आणि एकालाही उठता येईना. कोणी सोफा शोधत होतं, कोणी दुसऱ्याचा हात, आणि तो दुसरा तिसऱ्याचा. मी गुडघ्यांवरच तिच्यामागे रांगत निघाले. पोर उंबऱ्यापाशी पोचली.

बाईंनी खुर्चीतूनच वॉकर पायाने ढकलला. तो दारात आडवा गेला, नात त्यावर आपटली आणि खाली बसली. हा खेळच आहे असं वाटून पुन्हा हसली. बाईंनी वाकून तिचा फ्रॉक मुठीत धरला.

सून ट्रे घेऊन बाहेर आली, आम्हा सगळ्यांना अजून जमिनीवरच पाहून तिला पुन्हा हसू फुटलं. "आई, मी उगाच घाबरत होते," ती म्हणाली. "तिच्यामागे इतकी माणसं आहेत इथे. एक तारखेपासून तुमच्याकडेच ठेवू या."

पंधरा चेहरे माझ्याकडे वळले. त्यांतलं कोणी तोंड उघडणार नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांची बिंगं झाकत आलोय, हे एक काय जड होतं! बाईंनी तर डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हण. मला इतकं रडू येत होतं की मी खाली बोरांकडे बघत राहिले.

"नको गं," मी म्हटलं. "पाळणाघराचा फॉर्म भर."

"का हो आई? काय झालं?"

"ट्रे ठेव तो," मी म्हटलं. "आधी मला उठव, मग सांगते."