मनाईच्या उन्हाळ्यातला खवा
खवा तांबूस होत आल्याचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला, दुष्काळातला साताऱ्याचा एक उन्हाळा आठवतो. मुंबईला दूध कमी पडतं म्हणून सरकारने खवा करायलाच बंदी घातली होती, आणि आमचं घर तर आईच्या पेढ्यांच्या दुकानावर चालायचं. रतीबाचं सगळं दूध सरकारी डेअरीला घालावं लागे. त्या दिवशी डेअरीची गाडी आलीच नाही. दूध नासेल म्हणून आईने भरदुपारी दुकानापुढेच भट्टी पेटवली. वास काढत पुरवठा खात्याचे साहेब शिपायाला घेऊन आले. "बाई, भट्टी विझवा, नाहीतर परवाना जाईल." आईने उरलेल्या दुधाची घागर त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आवं साहेब, गाडी तुमची आली न्हाई. मग ह्ये गटारात ओता, पर तुमच्या हातानं." साहेबांनी घागरीला हात लावला, जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "मला कशाला अडचणीत आणताय?" "मग सरका बाजूला, चटका बसंल," म्हणत आईने घागर कढईत रिकामी केली. परवाना गेलाच. महिनाभर दुकानाला सरकारी कुलूप होतं. पण तो खवा सगळ्या गल्लीने फुकट खाल्ला, साहेबांच्या शिपायानेसुद्धा. कायदा मोडला म्हणून आईने कधी मान खाली घातली नाही, आणि तिच्या वतीने मीही आज घालणार नाही.